सांभाळायचं कुणाला?

माणसं पारखण्यात मी चुकत नाही. गोदामात तीस वर्षं हमालापासून ड्रायव्हरपर्यंत सगळे मीच नेमले. तेव्हा आईसाठी दिवसभराची बाई शोधणं म्हणजे डाव्या हातचा मळ, असं मी बहिणीला फोनवर ठणकावून सांगितलं.

आईला अर्धांगवायूचा झटका येऊन दीड महिना झाला होता. डावा हात, डावा पाय तिचं ऐकत नव्हते आणि ती माझं. परवाच ती स्टुलावर चढून माळ्यावरचा डबा काढत होती. मी धरलं म्हणून वाचली! माझी रजा रविवारी संपत होती. सोमवारपासून घरात ती एकटी, आणि ते स्टूल. आमची ही असती तर काळजी नव्हती. पण ही जाऊन आठ महिने झाले.

पहिल्या बाईला आईने दारातूनच परत पाठवलं. दुसरीचे पाय सुजलेले पाहून तिलाच विश्रांती घ्यायला सांगितलं. शनिवारी तिसरी आली, तेव्हा मी नेमका आईसाठी काठी आणायला गेलो होतो. परत आलो तर आई एका हाताने वाटाणे सोलत होती. बाईने माझ्या हातातली काठी पाहिली आणि धावत येऊन माझा दंड धरला.

"सावकाश, काका. उंबरा आहे."

मी काही बोलायच्या आत तिने मला खुर्चीत बसवून बूट काढले. एक मोजा काळा, एक तपकिरी. शर्टाचं मधलं बटण गायब. तुटलंय हे सांगणारी आता घरात नव्हती. दाढी चार दिवसांची. तिने बीपी मोजलं आणि आईकडे पाहिलं. पेशंट मी नाही, ती आहे, असं मी सांगितलं.

"असंच बोलतो," आई म्हणाली, "बायको गेल्यापासून."

मी आईला स्वयंपाकघरात गाठलं. तिने सरळ सांगितलं, "तुझ्यासाठी असेल तर राहू दे. माझ्यासाठी असेल तर घालव."

मला स्टूल आठवलं. मी मुकाट्याने परत येऊन खुर्चीत बसलो.

सोमवारी बाई आठ वाजता हजर. तिने माझ्या हातात रबरी चेंडू दिला आणि दाबायला सांगितलं. मी कसातरी दाबला. आईला ते बघवेना. तिने चेंडू हिसकावला, डाव्या हातात धरला आणि ओठ चावून दाबू लागली. बोटं हळूहळू मिटली. दीड महिन्यात पहिल्यांदा.

बाईने माझ्याकडे पाहून डोळे मिचकावले. म्हणजे हिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं! माझा जीव भांड्यात पडला. मी डबा उचलला, बूट चढवले आणि दाराशी जाऊन हळूच तिला म्हटलं, "बरं नाटक केलंत. निघतो मी."

"चेंडूचं नाटक होतं, काका," तीही हळूच म्हणाली. "बीपी खरंच एकशे ऐंशी होतं. बूट काढा."