न सरकणारी खिडकी आणि एक खारट पुरावा

सूक्ष्म निरीक्षण, तीक्ष्ण तर्क आणि पोलादी मौन हे तीन गुण एकाच माणसात सहसा आढळत नाहीत. माझ्यात आढळतात. मी मोतीराम, एसटीचा निवृत्त तिकीट तपासनीस. एकतीस वर्षं मी प्रवाशाच्या नुसत्या बसण्यावरून ओळखायचो की याच्याकडे तिकीट नाही. कधीकधी तिकीट निघायचं, पण तो त्याच्या बसण्याचा दोष. निवृत्तीनंतर पुंडलिकनगरातल्या सगळ्या रहस्यांचा तपास मीच करतो. आतापर्यंत एकच आलं, हरवलेल्या चष्म्याचं. चष्मा माझाच होता आणि तो बायकोला माझ्या कपाळावर सापडला.

दुसरं प्रकरण आमच्याच स्वयंपाकघरात उभं राहिलं. गल्लीकडची सरकती खिडकी आठ दिवसांपासून जागची हलेना. काच दुधी, त्यामुळे पलीकडचंही काही दिसेना.

आता ही काही साधी खिडकी नव्हे. समोरच्या गोजरबाई आणि माझी बायको मनकर्णा बावीस वर्षं आपापल्या खिडकीत बसून गल्लीच्या डोक्यावरून बोलत आल्या आहेत. आठ दिवसांपूर्वी दोघींनी मिळून आमच्याकडे कुरडया घातल्या. चिकात मीठ जास्त झालंय, असं गोजरबाई म्हणाल्या. मनकर्णा म्हणाली, मुळीच नाही. थोडी झकाझकी झाली आणि दुसऱ्या दिवशी आमची खिडकी उघडेना. गोजरबाईंना वाटलं, हिनं रागानं लावून घेतली. मग त्यांनीही आपली लावून घेतली. आता उद्या सकाळच्या गाडीनं त्या सोयगावला निघणार होत्या, लेकीच्या बाळंतपणासाठी, चांगल्या दोन महिन्यांकरता.

"अगं, जाऊन सांग की तिला, खिडकी अडकलीय म्हणून," मी म्हटलं.

"मी का म्हणून जाऊ? तिनं बी लावलीच की तिची."

एवढं बोलून ती कांदा चिरता चिरता डोळे पुसू लागली. कांदा संपला तरी पुसतच राहिली. आठ दिवस आमच्या घरात फक्त कुकर बोलत होता. मला ते अजिबात सोसेना, म्हणून मी भिंग काढलं.

पहिला तर्क उष्णतेचा. पारा बेचाळीसवर, आणि उष्णतेनं धातू फुगतो हे मी सातवीत शिकलोय. चौकटीवर अर्धा तास बर्फ धरला. बर्फ संपला, मला सर्दी झाली, खिडकी तशीच.

दुसरा तर्क गंजाचा. खालच्या ट्रॅकमध्ये वाटीभर करडईचं तेल ओतलं.

"अहो, ॲल्युमिनियम गंजतंय व्हय?" मनकर्णानं विचारलं.

तपासात घरच्यांचा हस्तक्षेप मी चालू देत नाही. तेलावर गल्लीतली धूळ येऊन बसली. आधी खिडकी ढकलल्यावर कुरकुरायची तरी, आता तीही गप्प झाली.

मग भिंगातून मला ट्रॅकच्या कोपऱ्यात पांढरट, टणक थर दिसला. गोंद! म्हणजे घातपात! आणि हेतू कुणाला होता? मिठावरून अपमान झालेल्या बाईला. मी चपला घातल्या.

गोजरबाई पिशवी भरत होत्या.

"गोजरबाई, आमच्या खिडकीत गोंद का ओतलात?"

त्यांच्या हातातलं लुगडं खाली पडलं. "म्हंजी खिडकी अडकलीय? तिनं लावून नाय घेतली?"

"प्रश्न मी विचारतो."

"सरका बाजूला! मी गोंद वतला म्हंता? दाखवा कुठंय!"

पुढं संशयित आणि मागं तपासनीस, अशी आमची वरात घरी आली. मनकर्णा उठून उभी राहिली. एकमेकींकडे न बघता दोघी खिडकीकडे बघू लागल्या. गोजरबाईंनी तो थर नखानं खरवडला आणि सरळ जिभेवर ठेवला.

"पुराव्याला हात लावू नका!" मी ओरडलो. पुरावा पोटात गेला होता.

"चीक हाय ह्यो, कुरडयाचा. वाळून पार दगड झालाय. हितं कुणी सांडला?"

मनकर्णानं सावकाश माझ्याकडे पाहिलं. विनातिकीट प्रवाशाला त्या क्षणी काय होत असेल, ते मला पहिल्यांदाच समजलं. दारातून वळसा नको म्हणून चिकाचं पातेलं खिडकीतूनच बाहेरच्या बाजेवर देण्याची योजना माझी होती. पातेलं जरा कललं. ट्रॅक पुसून घेतला, असं मी सांगितलं होतं. पुसला नव्हता.

गोजरबाईंनी कढत पाण्यात पिळलेलं फडकं थरावर दाबून ठेवलं. चीक मऊ झाल्यावर चमच्याच्या दांडीनं उकरला, माझं तेल जुन्या टूथब्रशनं साबण लावून काढलं आणि कोरड्या ट्रॅकवर मेणबत्तीचं थोटूक घासलं. खिडकी एका बोटानं सर्रकन सरकली.

"खरंच खारट हाय का गं?" मनकर्णानं हळूच विचारलं.

"लई."

दोघी इतक्या हसल्या की पुन्हा डोळे पुसावे लागले. मग हाताच्या अंतरावर उभ्या असलेल्या गोजरबाई गल्ली ओलांडून घरी गेल्या, आपली खिडकी उघडून बसल्या आणि म्हणाल्या, "हां, आता बोल."

सकाळी गाडीला जाताना त्यांनी घराची किल्ली माझ्या हातात ठेवली. "रोज दुपारी माझ्या खिडकीत बसत जा, भाऊ. तिला बोलायला समोर कुणीतरी लागतंय."

तेव्हापासून रोज चार वाजता मी समोरच्या घरी जाऊन खिडकीत बसतो आणि गल्लीपलीकडच्या माझ्या बायकोशी बोलतो. काल मी निघताना तिनं माझ्या हातात तळलेली कुरडई दिली होती. मी ती खाल्ली तेव्हा तिनं तिकडून ओरडून विचारलं, "कशी झालीय?"

माझा तिसरा गुण मी सुरुवातीलाच सांगितला आहे.