दुनळीसाठी मौन

भांडायचं नाही, असं उल्हास खांबेटेने एका रविवारी चहा पिता पिता ठरवलं आणि तिथून त्याचं घर बिघडलं. एरवी नवरे असं काहीतरी ठरवतात आणि संध्याकाळपर्यंत विसरतात. उल्हासने ते पाळलं. (ठरवलेलं पाळलं की काय होतं, त्याचीच ही हकीकत.)

कारण होतं बंदूक. उल्हास टोकियोजवळ उरायासुला राहतो, सॉफ्टवेअर लिहितो, अंडंसुद्धा खात नाही, आणि त्याला जुन्या अमेरिकन दुनळी बंदुकांचं वेड आहे. साध्यासुध्या नव्हेत, वरच्या प्रतीच्या. शंभरेक वर्षांपूर्वी तिकडच्या दोन-चार कारखान्यांत कारागीर एकेका बंदुकीवर महिनोन्‌महिने बसायचे. पोलादावर बदकं नि शिकारी कुत्री कोरायचे, दस्त्याला असं अक्रोडाचं लाकूड लावायचे की त्यातल्या रेषा बघताना माणसाने जेवण विसरावं. पुढे मंदी आली, कारखाने बुडाले. त्या बंदुकांचे जाडजूड कॅटलॉग उल्हास पुण्यात असल्यापासून जमवत आला. बंदूक एकही नाही.

मग कावासाकीतल्या एका दुकानात त्याला ती दिसली. कुणी म्हातारा शिकारी वारला होता आणि त्याच्या बायकोने ती दुकानात आणून टाकली होती. हात लावायला कायद्याने बंदी, म्हणून उल्हासने ती काचेतून पाहिली. बदकं होती, कुत्रा होता, अक्रोड होतं. दुकानदार शिमाझाकी-सानने शांतपणे सांगितलं की हल्ली अशा बंदुका कुणी घेत नाही. जिला परवानावाला मालक मिळत नाही ती करवतीने कापून भंगारात जाते. हिला मी उन्हाळा संपेपर्यंत ठेवतो, त्यापुढे नाही. उल्हास परत येताना गाडीत असा बसला होता की समोरच्या बाईने त्याला जागा बदलून खिडकी दिली.

आता परवाना. आपल्याला वाटतं, जपानात सगळं मशीनमधून निघतं. बंदूक निघत नाही. आधी लेखी परीक्षा. मग डॉक्टरचा दाखला, की डोकं ठिकाणावर आहे. (उदास वाटतं का, असं डॉक्टरने विचारलं. उल्हास नाही म्हणाला. डॉक्टरने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, नावाचा अर्थ विचारला आणि तो ऐकून मुकाट्याने शिक्का मारला.) बंदूक जमवायला हवी आहे, हे कारण कायद्याला चालत नाही, म्हणून नेमबाजीच्या मैदानावर मातीच्या तबकड्या फोडायला हवी आहे असं सांगायचं. आणि हे सगळं झालं की पोलीस तुमच्या बायकोला, शेजाऱ्यांना, साहेबाला भेटून विचारतात: माणूस कसा आहे? घरात भांडतो का? मुलगी देताना आपल्याकडे बापसुद्धा एवढी चौकशी करत नाहीत. करायला हवी, तो मुद्दा वेगळा.

इथेच घोडं अडलं. उल्हास आणि वीणा रोज भांडत. गीझर चालू राहिला म्हणून, चपलांच्या कपाटात कॅटलॉग ठेवले म्हणून, आणि दोन्ही झालं नसेल तर काल झालं होतं म्हणून. वीणाचा आवाज चार बहिणींच्या घरात तयार झालेला. भिंती पापडासारख्या. आणि बरोबर खालच्या मजल्यावर ओनुकी-सान, ऐंशीच्या घरातली, एकटी बाई.

"ती म्हातारी सगळं ऐकते," उल्हास म्हणाला. "परवाना मिळेपर्यंत आवाज नाही."

"आणि मला काही बोलायचं असलं तर?"

"साठव."

वीणाने हो म्हटलं. लग्नापासून या माणसाने हट्ट असा हा एकच धरला होता, आणि तो धरताना त्याचा चेहरा थोडा उजळला होता. तो चेहरा तिने फार दिवसांत पाहिला नव्हता.

पण साठवायचं किती? पहिल्याच आठवड्यात वीणाचं डोकं दुखायला लागलं. तेव्हा उल्हासला एक युक्ती सुचली. स्टेशनजवळ कराओकेच्या खोल्या तासावर मिळतात, आवाज बाहेर जात नाही. शनिवारी मुलीला, कश्मिराला, मैत्रिणीकडे सोडून दोघं तिथे भांडायला जाऊ लागली. काचेच्या दारातून नोकर डोकावतो, म्हणून गाणं लावून ठेवावं लागे आणि माइक हातात धरावा लागे. वीणा उल्हासच्या आईपासून सुरुवात करून कॅटलॉगपर्यंत पोचायची, तोवर गाणं संपायचं आणि मशीन पडद्यावर शेरा द्यायचं: भावना उत्तम, लय सांभाळा. मग फोन वाजायचा. वेळ संपत आली, वाढवायची का?

असं भांडण किती टिकणार? त्याला स्वतःचा मुहूर्त लागतो, तो शनिवारी दुपारी येत नाही. एका शनिवारी दोघं नुसतीच बसून राहिली, गाणं वाजत राहिलं. पुढच्या शनिवारी गेलीच नाहीत. घरातही शांतता राहिली. उल्हासला वाटलं, जमलं. हळूहळू त्याच्या लक्षात यायला लागलं की भांडण वजा केल्यावर त्या दोघांत बोलण्यासारखं काही उरलेलं नाही. त्याने तो विचार बाजूला सारून कॅटलॉग उघडला. (हे त्याला पहिल्यापासून चांगलं जमतं.)

वीणा मग कचरा टाकायला खाली जाई ती तिथेच रेंगाळे. ओनुकी-सान तिला कचऱ्याचे प्रकार शिकवी. जळणारा तो मोएरु गोमी. पलंग, कपाट असली अवजड धेंडं, ज्यांना वेगळी गाडी बोलवावी लागते, ती सोदाई गोमी. आणि रिटायर होऊन घरात बसलेल्या नवऱ्यालाही आम्ही बायका सोदाईच म्हणतो, माझ्या घरात एक पंधरा वर्षं होता, असं म्हणून म्हातारी हसली. मग म्हणाली, आता ती जागा रिकामी आहे.

चौकशीला ठाण्यातले पोलीस मोरिता-सान आले ते उल्हास ऑफिसात असताना. स्वच्छ गणवेश, बूट दाराबाहेर सरळ रेषेत. त्यांनी वीणाला विचारलं, घरात भांडणं होतात का. ती नाही म्हणाली. बोलणं होतं का? होतं. कशाबद्दल?

वीणा विचारात पडली. खोटं बोलायला जपानी फार चांगलं यावं लागतं.

"कचऱ्याबद्दल," ती शेवटी म्हणाली. "उद्या कुठला, ते."

मोरिता-सान तिथून ओनुकी-सानकडे गेले, आणि काही दिवसांनी त्यांनी उल्हासला ठाण्यात बोलावून चहा दिला. तुमच्या पत्नी म्हणाल्या, घरात कचऱ्याबद्दल बोलणं होतं; आणि खालच्या बाईंबद्दलही तुम्हाला सांगायला हवं, असं म्हणून त्यांनी सांगितलं. बाई रडल्या. पूर्वी वरच्या घरातून रोज संध्याकाळी दोघांच्या गप्पा ऐकू यायच्या. एकमेकांशी इतकं बोलणारं जोडपं बाईंनी जन्मात पाहिलं नव्हतं. त्या स्वतःचा रेडिओ बंद करून ऐकत बसायच्या. एके दिवशी ते अचानक थांबलं. त्या घरात काहीतरी वाईट झालं आहे, आणि अशा घरात बंदूक जाऊ नये.

"त्या गप्पा नव्हत्या," उल्हास घाईने म्हणाला. "ती भांडणं होती."

मोरिता-साननी कप खाली ठेवला. "म्हणजे पूर्वी रोज भांडणं होती?"

उल्हासने रिकामा कप तोंडाला लावला.

"आणि आता बोलणंच बंद आहे?"

जपानात नाही म्हणत नाहीत. अर्ज मागे घेतलात तर सर्वांना बरं पडेल, असं म्हणतात, आणि इतक्या अदबीने म्हणतात की आपण वाकून आभार मानतो आणि स्वतःच्या हाताने स्वतःला बुडवून घरी येतो. उल्हास तसाच घरी आला. खिडक्या उघड्या होत्या, उकाडा होता, वीणा पोळ्या लाटत होती.

"कचरा?" तो म्हणाला. "दुसरं काही सुचलं नाही तुला?"

लाटणं थांबलं.

"तू सुचव ना. या उन्हाळ्यात तू माझ्याशी काय बोललास ते सांग. मी तेच सांगितलं असतं."

आणि मग सगळं साठवलेलं आलं. गीझर आला, आई आली, चपलांचं कपाट आलं, कराओकेचं मशीन आलं. कापली जाणारी एक बंदूक पाहून तुझ्या डोळ्यांत पाणी येतं आणि समोर बसलेलं माणूस तुला दिसत नाही, हे आलं. शेवटी तिचा आवाज फुटला तेव्हा दारावर टकटक झाली. बाहेर ओनुकी-सान उभी होती, हातात ताटभर नासपती. डोळे भरलेले. योकात्ता, योकात्ता, म्हणाली. बरं झालं, बरं झालं. वाकून नमस्कार करून ती जिना उतरून गेली.

दुसऱ्या दिवशी उल्हासने मोरिता-सानना फोन करून कळवलं की घरात पुन्हा आवाज सुरू झाला आहे. त्यांनी मनापासून अभिनंदन केलं. असाच टिकला तर पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करा, म्हणाले.

उन्हाळा पुढच्या वर्षापर्यंत थांबत नाही. उल्हास कावासाकीला गेला तेव्हा काचेमागे दुसरी बंदूक होती. शिमाझाकी-सानने कापडात बांधलेली एक वस्तू त्याच्यापुढे ठेवली. बंदी पोलादावर असते, कापण्याआधी काढून ठेवलेला दस्ता म्हणजे नुसतं लाकूड. परतीच्या गाडीत उल्हासने तो मांडीवर धरला. आयुष्यात त्याने त्या बंदुकीला हात लावला तो एवढाच.

घरी त्याने दस्ता जेवणाच्या टेबलावर ठेवला. कश्मिरा इथेच वाढलेली, शाळेत तिला पाढ्यांच्या आधी कचरा शिकवलेला. तिने लाकूड उलटंसुलटं करून पाहिलं.

"बाबा, हे मोएरु का सोदाई?"

उल्हासने दस्ता आपल्याकडे ओढला. वीणाने स्वयंपाकघरातून, चार बहिणींच्या घरातल्या आवाजात, सांगितलं:

"लाकूड मोएरु. बाबा सोदाई."

उघड्या खिडकीतून, खालच्या मजल्यावर कुणीतरी खळखळून हसल्याचं ऐकू आलं. इतक्या वर्षांच्या भांडणांतले नेमके तेवढेच दोन शब्द ओनुकी-सानला कळले होते.