आभाराची गाडी, न्हावरेमार्गे

सर्व नागरिकांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, शिरूरच्या आमच्या सेवा क्लबात दर गुरुवारी आभारप्रदर्शन होत असे आणि त्यात कुणीही दगावलेले नाही. पुऱ्या मात्र दगावत.

कारण क्लबाची रीतच अशी, की आभार संपल्याशिवाय जेवायला उठायचं नाही. आणि आभार मानायचे सुदामआप्पांनी. आप्पा एसटीतून कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेले. स्टँडवर माइकवरून गाड्या पुकारण्यात त्यांचा जन्म गेला. एरवी ते चारचौघांसारखं ‘हाय, न्हाई’ बोलत. हातात माइक आला की मात्र घशात महामंडळ उतरायचं.

‘‘दौंडहून न्हावरेमार्गे आलेले आपले प्रमुख पाहुणे,’’ डोळ्यांच्या एका मोठ्या डॉक्टरांचे त्यांनी आभार मानले, ‘‘काही कारणास्तव उशिरा धावत असले, तरी सुखरूप लागलेले आहेत. त्यांच्या सौभाग्यवती याच गाडीला जोडून आहेत.’’ डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला.

पाहुण्यांनंतर अध्यक्ष, सचिव, मग आलेला प्रत्येक सभासद, नावानिशी. मग न आलेले, म्हणजे ‘रद्द झालेल्या फेऱ्या’. मग सतरंज्या घालणारे, पाणी भरणारे, आणि सभेत वीज न घालवल्याबद्दल वायरमन. रक्तदान शिबिरानंतर तर ज्यांचं रक्त डॉक्टरांनी घेतलंच नाही, त्यांचेही आभार झाले. ‘‘त्यांनी बाही वर केली होती,’’ आप्पा म्हणाले.

एकदा सचिवांनी त्यांना सगळे वक्ते वापरतात ती पळवाट सांगितली. ‘‘आप्पा, नुसतं म्हणायचं, आभार मानून मी यांना परकं करणार नाही, यांच्या ऋणातच राहीन. झालं.’’

‘‘व्हय,’’ आप्पा म्हणाले, ‘‘म्हंजी विनातिकीट.’’

शेवटी ते गंभीरपणे पुकारायचे, ‘‘गाडी सुटत आहे. प्रवाशांनी आपापल्या जागा घ्याव्यात.’’ हे ऐकलं की आम्ही आपापल्या जागा सोडून रश्शाच्या पातेल्याकडे धावायचो.

मग दातांचे डॉक्टर शेळके अध्यक्ष झाले. माणूस शिस्तीचा. पदभार घ्यायच्या आधीच त्यांनी फर्मान काढलं, की यापुढे आभार एका वाक्यात. हे आप्पांना सांगायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझं कापडाचं दुकान आप्पांच्या घरासमोर.

आप्पा घरी नव्हते. स्टँडवर एका बाकड्यावर डोळे मिटून बसले होते.

‘‘ऐका शेठ,’’ डोळे न उघडता ते म्हणाले, ‘‘ह्या नव्या पोराला तळेगाव ढमढेरे एका दमात म्हनता येत न्हाई. म्हनलं, दे जरा माइक, दावतो. तर म्हनतो, आजोबा, बाजूला व्हा.’’

मी फर्मान सांगितलं. आप्पांनी डोळे उघडले.

‘‘एका वाक्यात किती मानसं बसवू?’’

‘‘सगळ्यांचे आभार, असं म्हणायचं.’’

‘‘सगळे म्हंजी कोन?’’

समोरून एक गाडी धूळ उडवत गेली.

‘‘जलमभर हितं गावांची नावं घेतली,’’ आप्पा म्हणाले. ‘‘मानसाचं नाव कवा घ्यायचो? पोरगं हरवलं, न्हाईतर पाकीट घावलं, तवाच. पर नाव पुकारलं की एवढ्या गर्दीत ते एकच तोंड असं वर व्हायचं. आपल्याला कुनी बोलावलं म्हनून. तसली तोंडं मला गुरुवारी बघाया मिळत्यात.’’

‘‘आणि तुमचं नाव, आप्पा?’’

‘‘माझं कोन पुकारनार? माइक माझ्याच हातात.’’

गुरुवारी पदग्रहणाला शेळके डॉक्टर नवा कोट घालून आले. पहिल्या रांगेत त्यांची आई होती. तळेगावहून जीपनं मुद्दाम आलेली. कानाला कमी ऐकू येतं, म्हणून तळहाताचा कर्णा करून बसली होती. डॉक्टरांचं भाषण झालं. मग आप्पा उठले, टोपी सारखी केली, माइक हातात घेतला.

‘‘सगळ्यांचे आभार,’’ आप्पा म्हणाले, आणि माइकसकट खाली बसले.

पुऱ्यांची वाफ हॉलभर येत होती. इतक्या गरम पुऱ्या क्लबाच्या नशिबी कधी आल्या नव्हत्या. पण गाडी सुटलीच नव्हती, त्यामुळे एकही माणूस उठेना. वायरमनसुद्धा दारात ताटकळत उभा. मी इकडे तिकडे पाहिलं, तर सगळ्यांची तोंडं माइककडे वर झालेली, माझ्यासकट. म्हातारीनं कानावरचा हात बदलला.

शेळके डॉक्टरांनी एकदा आईकडे पाहिलं, एकदा स्वतःच्या कोटाकडे. मग ते आप्पांच्या कानाशी वाकले. माइक चालूच होता, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही, आणि हॉलभर ऐकू आलं:

‘‘आप्पा, माझं नाव राहिलं. आई आलीये.’’