चौदा पौंड हवेची खीर

शेतातल्या चुलीवरून निघाली तेव्हा पातेल्यात चाळीस लिटर खीर होती आणि विहाराच्या पायरीशी पोचली तेव्हा एकोणतीस. तीन लिटर ट्रॅक्टरमागच्या पेटीत, दीड लिटर पातेलं धरून बसलेल्या तानाबाईंच्या साडीवर आणि उरलेली साडेसहा दुसरबीडच्या खडकाळ शेतरस्त्यावर सांडली होती. ही गेल्या बुद्धपौर्णिमेची गोष्ट. मोजमाप त्यांच्या मुलीनं, बी.एस्सी. झालेल्या धम्मशीलानं केलं होतं. साडीवरचा आकडा तेवढा अंदाजाचा.

यंदा विहारात बैठक झाली. खीर शेवटच्या पंगतीपर्यंत पुरली नाही, तर पुढच्या वर्षी आचारी लावायचा, असं ठरलं. वर्षानुवर्षं खीर करणाऱ्या तानाबाईंनी त्या दिवसापासून नवऱ्याशी अबोला धरला. खीर त्यांची होती, पण ट्रॅक्टर भाऊरावांचा.

“रस्ताच तसा हाय, मी काय करू?” भाऊराव म्हणाले.

“रस्ता नाही बाबा, चाकं,” धम्मशीला म्हणाली. “बत्तीस पौंड हवा भरून राह्यले तुमी. कंपनी चौदा सांगते. चाक जरा दबलं त धक्का तेच खाईन.”

“चौदा? बाई, गावात चाकाले लाथ मारून पाह्यतात. ठण्ण नाही वाजलं त म्हणतात, भाऊरावचं दिवाळं निघालं!”

तानाबाईंनी अबोला मोडला. “मंग यंदा लोकायले ठण्ण वाढा.”

धम्मशीलानं पाण्यानं भरलेली बादली पेटीत ठेवून भाऊरावांना त्याच रस्त्यानं दोन फेऱ्या मारायला लावल्या. बत्तीसवर अर्धी बादली सांडली, चौदावर ओंजळभर. “बरं, पौर्णिमेपुरती चौदा,” भाऊराव म्हणाले.

पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी तिनं मागच्या दोन्ही चाकांची हवा चौदावर आणली. सकाळी पाहते तो बत्तीस! फाट्यावरचा पंक्चरवाला कचरू तिथेच पाइप गुंडाळत होता.

“ताई, दोन्ही चाकं बसेल होती. सणाच्या दिवशी भाऊले तरास कशाले, म्हून भरून देली.”

तिनं त्याचे आभार मानले, तो गेल्यावर हवा सोडली. पातेलं चढवेपर्यंत शेजारच्या शेतातले पुंजाजी पंप घेऊन धावत आले आणि कुणी थांबवायच्या आत एक चाक बावीसवर नेलं. आता ट्रॅक्टर एका अंगाला कलला. तिनं पुन्हा हवा सोडली आणि मडगार्डवर खडूनं ठळक लिहिलं : ‘हवा मुद्दाम कमी केली आहे.’

पुंजाजींनी ते मोठ्यानं वाचलं. “पाह्य भाऊराव, लेकाचे खोडी करतात आन् वरून लिहूनबी ठेवतात!” म्हणत त्यांनी पुन्हा पंप उचलला.

“काका, मीच लिहेल हाय!”

“तू काऊन स्वतःच्या बापाची हवा काढून राह्यली?”

भाऊरावांनी डोक्याला हात लावला. “एकट्या पुंजाजीचं हे. पुढं कचरूचं दुकान हाय, बसस्टँड हाय. मदत केल्याबिगर कोणी सोडत नाही आपल्याले.”

धम्मशीला शेतातल्या घरात गेली आणि आईच्या दोन धुवट पांढऱ्या साड्या घेऊन आली. मडगार्डांना बांधून तिनं त्या चाकांवरून सोडल्या. चाक आणि साडी यांच्यात वीतभर अंतर राहील असं पाहिलं. वर झेंडूच्या माळा लावल्या.

ट्रॅक्टर निघाला. सजवलेल्या वाहनाच्या चाकाला लाथ कोण मारणार? बसस्टँडवरचे लोक बाजूला झाले. कचरू पाइप घेऊन दुकानाबाहेर आला, साड्या बघून थबकला, पाइप खाली ठेवला आणि त्यानं हात जोडले. तानाबाईंनी पातेल्यावरचा एक हात काढून त्याला नमस्कार केला. पातेलं हललं नाही.

शेवटच्या पंगतीला खीर पुरली. पहिल्या पंगतीतले पुन्हा येऊन बसले, त्यांनाही पुरली. आचाऱ्याचं नाव कुणी काढलं नाही. तानाबाई वाढताना मुद्दाम बैठकीतल्या माणसांपुढे थांबत होत्या. “घ्या न दादा, अजून घ्या. कमी नाही.”

तेवढ्यात कचरूनं चाकावरची साडी उचलली. “अरे भाऊ, चाकं!”

“हात नोको लावू!” हातात खिरीची वाटी घेऊन भाऊराव गरजले. “चौदा पौंड हाय ते. सायन्स हाय. धक्का चाकानं खायचा आन् खीर आपण!”

संध्याकाळपर्यंत त्यांनी हे निदान दहा जणांना समजावलं, आणि दर खेपेला ते थोडं लांबत गेलं.

दुसऱ्या दिवशी धम्मशीला हवा मोजायचं गेज घेऊन गावातून फिरली. सहा ट्रॅक्टरांच्या मागच्या चाकांत चौदा पौंड हवा होती. भाऊरावांच्या ट्रॅक्टरच्या चाकांत बत्तीस.