दुकात, दात आणि गुप्तहेर स्पासोये

"लिहा, बाई," स्पासोये म्हणाला. "गुप्तहेर स्पासोये. उंची मध्यम, बुद्धी उंच. नजर ससाण्याची, कान सशाचे, आणि नाक..." इथे तो अडला.

"नाक तुझंच राहू दे," मी म्हणाले. "पुढे?"

"ज्याची नुसती चाहूल लागली, तरी बेलग्रेडपासून सोफियापर्यंतचे गुन्हेगार झोपेत कूस बदलतात, असा."

मी लिहून घेतलं. स्पासोये माझ्याकडे दुसरीत होता, तेव्हा बेरीज करताना हातचा घ्यायला विसरायचा. अजूनही विसरतो. मधली सगळी वर्षं त्याने निश-पिरोत बसवर तिकीट तपासनिसाची नोकरी केली आणि त्यातून त्याचा असा समज झाला, की माणसाच्या तोंडाकडे नीट पाहिलं की गुन्हा दिसतो. निवृत्त होताच त्याने दाराला पाटी लावली. माझं अक्षर बरं आहे आणि मला दुपारी झोप येत नाही, म्हणून मी त्याची सहायक झाले. शाळेत मी एक नियम पाळायचे. चुकीचं उत्तर सांगणाऱ्या मुलाला मध्येच तोडायचं नाही, त्याला शेवटपर्यंत जाऊ द्यायचं. शेवटी बहुतेक मुलं स्वतःच हसतात. स्पासोयेचा शेवट जरा लांब असतो, एवढंच.

आमच्याकडे आलेली पहिली खरी भानगड म्हणजे वेलिबोरचा दुकात.

वेलिबोर आमच्या पिरोत गावातला औषधांचा दुकानदार. जन्मभर त्याने जुनी नाणी जमवली. जुन्या सर्बियन राजांचे चांदीचे दिनार, दुब्रोवनिकची नाणी, ऑस्ट्रियाचे जाडजूड थालर, आणि सगळ्यांचा मुकुटमणी म्हणजे व्हेनिसचा सोन्याचा दुकात. पानासारखा पातळ, बोटाच्या पेराएवढा. आता वेलिबोरचे डोळे अधू झाले. "नाणी दिसत नाहीत, नुसती चमकतात," असं म्हणून त्याने सगळा संग्रह लिलावाला काढला. लिलाव शनिवारी, गावच्या सांस्कृतिक भवनात. त्यासाठी बेलग्रेडहून गाव्रिलोविच नावाचे लिलाववाले आले होते. त्यांच्या छापील पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर तो दुकात होता. पुस्तिका पाहून व्हिएन्नाची माणसं यायला निघाली होती. आणि दुकात गायब होता.

त्याच्या आदल्या रविवारी वेलिबोरच्या मुलीचं, कालिनाचं, लग्न झालं होतं. सोमवारी सकाळी पेटी उघडली, तर दुकाताचा खळगा रिकामा. मंगळवारी कालिना माझ्याकडे आली. नव्या नवरीचा चेहरा इतका उतरलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

"बाई, बाबांना माझ्या नवऱ्याचा, ओग्नेनचा, संशय आहे. दुकात सापडेपर्यंत माझ्या टेबलाशी जेवायला बसायचं नाही, म्हणाले त्याला. तो बसत नाही, तर मीही बसत नाही. आम्ही वरच्या मजल्यावर ब्रेड खातो."

"मग?"

"मग शनिवारपर्यंत सापडला नाही तर आम्ही निशला जातोय. कायमचे. मी बाबांना तसं सांगितलंय."

"पोलिसांत का नाही गेलीस?"

"गावभर होईल."

"आणि स्पासोयेकडे आलं तर होणार नाही?"

"होईल. पण स्पासोयेकाका सांगतात त्यावर कुणी विश्वास ठेवत नाही ना."

आतल्या खोलीतून स्पासोये म्हणाला, "ऐकलंय मी. सशाचे कान आहेत." आणि कोट चढवून बाहेर आला.

त्याने पहिली साक्ष वेलिबोरची घेतली.

"वेलिबोर, लग्नाला दुकात खिशात कशाला घेऊन गेलात?"

"दाखवायला. पुस्तिका नुकतीच छापून आली होती. लोक म्हणायचे, चित्र काय, खरा दाखव."

"कुणी मागितला?"

"पिरोतमध्ये सोनं दाखवतात, देत नाहीत. वेस्टकोटच्या खिशात होता. सगळ्यांना दाखवला, शेवटी जावयाला. त्याने दाताखाली धरून पाहिला."

"गंमत म्हणून," दारात उभा असलेला ओग्नेन म्हणाला. "आणि परत दिला."

"मला आठवत नाही."

"तुम्ही खिशात ठेवलात, बाबा. मग नाचायला गेलात."

"पोरीच्या लग्नात बाप नाचतो, रडतो आणि बँडवाल्यांना नोटा वाटतो. मी तेच केलं. चोऱ्यांवर लक्ष ठेवत बसलो नाही."

ओग्नेन कृत्रिम दात बनवतो. सोन्याचेसुद्धा. हे कळल्यावर स्पासोयेने माझ्याकडे असं पाहिलं, जसा दुसरीत पाढा येतो असं दाखवताना पाहायचा. पण तो म्हणाला, "घाई नको. आधी परका माणूस तपासू."

परका माणूस म्हणजे गाव्रिलोविच. ते पांढरे हातमोजे घालून टेबलाशी थालर पुसत होते.

"हातमोजे," स्पासोये माझ्या कानात म्हणाला, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. "ज्याला बोटांचे ठसे ठेवायचे नाहीत, असा माणूस."

"नाण्यांना घाम लागू नये म्हणून," गाव्रिलोविच म्हणाले.

"रविवारी कुठे होतात?"

"बेलग्रेडला. सासूबाईंचा वाढदिवस होता."

"साक्षीदार?"

"सासूबाई."

"सासू जावयाला वाचवायला काहीही सांगेल."

"माझी नाही सांगणार. त्याचीच तर खात्री आहे."

त्यांच्या आवाजात असं काही होतं, की स्पासोयेने मुकाट्याने त्यांचं नाव खोडलं.

बुधवारी एका पक्ष्यावर आळ आला. मॅगपाय, म्हणजे काळापांढरा चोरटा पक्षी. त्याला चमकणाऱ्या वस्तू आवडतात, हे स्पासोयेला मीच दुसरीत शिकवलं होतं, आणि नेमकं तेवढंच त्याच्या लक्षात राहिलं होतं. त्याने वेलिबोरच्या अक्रोडाखाली कोटाचं चकचकीत बटण ठेवलं आणि झुडपात दबा धरला. पक्षी आला, बटणाकडे पाहिलं, आणि शेजारी ठेवलेलं स्पासोयेचं सॉसेज घेऊन गेला.

"चोर तर आहेच," स्पासोये म्हणाला. "फक्त आपल्या कामाचा नाही."

गुरुवारी त्याला साक्षात्कार झाला. दुकात वितळवून दात केला असणार. म्हणजे गावात कुणाच्या तरी तोंडात व्हेनिस आहे. त्याने बसच्या नोकरीतली जुनी टोपी घातली आणि बाजारात रांगेने लोकांना थांबवायला सुरुवात केली.

"तोंड उघडा."

"बसमध्ये तिकीट मागायचास," चीज विकणारा म्हातारा म्हणाला, "आता जीभ मागतोस?"

"तपासाचं काम आहे."

"मग खालचा डावा बघ. दोन महिने ठणकतोय."

संध्याकाळपर्यंत स्पासोयेला पिरोतमधल्या किडक्या दातांची उत्तम माहिती झाली. सोन्याचा एक सापडला, पण तो धर्मगुरूंचा होता आणि स्पासोयेच्या जन्माआधीचा.

शुक्रवारी दुपारी गाव्रिलोविचनी वेलिबोरला सांगितलं, की दुकात नसेल तर पुस्तिका खोटी ठरते, आणि ते सकाळी लिलाव रद्द झाल्याचं जाहीर करतील. वरच्या मजल्यावर कपाटाची दारं उघडल्याचा आणि सामान भरल्याचा आवाज येत होता. वेलिबोर छताकडे बघत बसला. लिलावाबद्दल त्याला तेवढं वाटत नव्हतं, हे मला तेव्हा कळलं.

"बाई," स्पासोये म्हणाला, "आज संध्याकाळी सगळ्यांना दिवाणखान्यात बोलवा. लग्नाच्या कपड्यांत. मी प्रसंग पुन्हा उभा करणार."

"बँडवाल्यांनाही?"

"नको. मोठ्या आवाजात माझा विचार थांबतो."

ते आले. वेलिबोर वेस्टकोटात, ओग्नेन काळ्या सुटात, कालिना पांढऱ्या झग्यात पण पायात घरातल्या सपाता घालून, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत गाव्रिलोविच. स्पासोये मध्ये उभा राहिला, हात मागे बांधून.

"सज्जनहो. या खोलीत एक माणूस आहे, ज्याने दुकात दाताने चावला. का चावला? गंमत म्हणून? नाही. मोजमाप घ्यायला."

"कसलं मोजमाप?" ओग्नेनने विचारलं.

"ते मी सांगणारच होतो," स्पासोये म्हणाला. त्याला सुचलं नव्हतं, हे मला त्याच्या लाल झालेल्या कानांवरून कळलं. तेवढ्यात दार वाजलं.

बाहेर पेर्सिदा उभी होती. लग्नात मोठा कर्णा वाजवणाऱ्या स्तामेनची बायको. तो कर्णा अंगाभोवती अजगरासारखा गुंडाळून वाजवतात, आणि स्तामेन तसा बारीकच आहे.

"मला वेलिबोरशी बोलायचंय."

"तपास चालू आहे. थांबा," स्पासोये म्हणाला.

ती भिंतीशी थांबली. त्याने दातांवर बोलायला घेतलं. बराच वेळ बोलला. ओग्नेन शांतपणे ऐकत होता, कालिनाने त्याचा हात धरला होता, आणि वेलिबोर दोघांकडे बघायचं टाळत होता.

"म्हणून माझा निष्कर्ष असा, की..."

"झालं का तुमचं?" पेर्सिदा म्हणाली. "घरी चुलीवर भाजी आहे माझी."

"बोल गं, पेर्सिदा," मी म्हणाले.

ती वेलिबोरसमोर आली. "तुमच्या पोरीच्या लग्नात माझ्या माणसाने ओठ सुजेपर्यंत वाजवलं. लोक कर्ण्यात नोटा टाकतात, रीत आहे. पण तुमच्या कुठल्या तरी पाहुण्याने बटण टाकलं. आठवडाभर कर्ण्याला खोकला झालाय. खालच्या सुरावर गेला की खुळखुळतो. काल हा बाप्तिस्म्याला वाजवायला गेला, तर बाळ हसायला लागलं. शेवटी आज मी कर्णा टबात घालून साबणाने धुतला, तेव्हा हे पडलं." तिने रुमालाच्या गाठीतून काहीतरी काढलं आणि टेबलावर ठेवलं. "आधी वाटलं, चॉकलेटचं नाणं आहे. पण चावलं तर लागलं कडक."

"चावलंत?" गाव्रिलोविच खुर्चीतून उठले आणि पुन्हा बसले.

टेबलावर दुकात होता. साबणाने आणखीच उजळला होता.

मग वेलिबोर हळू म्हणाला, "कालिना चर्चला जायला घरातून निघाली, तेव्हा स्तामेन माझ्याच शेजारी वाजवत होता. मला काही दिसत नव्हतं. डोळे भरले होते. मी खिशात हात घातला आणि नोट टाकली."

"टाकलीत ती नोट नव्हती," मी म्हणाले.

"म्हणजे गुन्हेगार," स्पासोये बोट वर करून म्हणाला, "या खोलीतच..."

"बस आता, बाळ," मी म्हणाले.

तो बसला.

वेलिबोरने खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला. नाण्यांच्या कपाटाच्या किल्ल्या त्याने कधी कुणाला हातात धरू दिल्या नव्हत्या. तो ओग्नेनपुढे धरला.

"उद्या लिलावात ट्रे तू धरशील. माझ्या डोळ्यांचा भरवसा नाही."

ओग्नेनने लगेच घेतला नाही. "आधी माझे खिसे तपासा, बाबा. नंतर तक्रार नको."

"माझे तपास," वेलिबोर म्हणाला. "चोर इकडे आहे."

"तपासू?"

"सांगतोय ना."

ओग्नेनने खरंच सासऱ्याच्या वेस्टकोटच्या खिशात दोन बोटं घातली आणि चुरगळलेली हजार दिनारांची नोट बाहेर काढली. रविवारपासून ती तिथेच होती. आधी कालिना हसली, मग तिला हसू आवरेना, आणि हसता हसताच ती स्वयंपाकघरात जाऊन ताटं काढू लागली. वेलिबोरने स्वतःच्या शेजारची खुर्ची ओढली आणि खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून, ओग्नेनकडे न पाहता, उभा राहिला. ओग्नेन त्या खुर्चीत बसला.

पेर्सिदाने मात्र हात पुढेच धरला होता. ओग्नेनने नोट तिच्या तळहातावर ठेवली. तिने ती गुडघ्यावर सपाट केली, दिव्यासमोर धरली, आणि गाव्रिलोविचना विचारलं, "तुम्ही जाणकार दिसता. ही तरी खरी आहे ना?"