तीन स्टुलांचा वकील

इनास वकिलांकडे तीन लाकडी स्टुलं आहेत. बुटकं कारचं, मधलं मोटारसायकलचं आणि उंच टेम्पोचं. ट्रकवाला अशील आला तर उंच स्टुलाखाली दोन-दोन विटा लागतात. ज्या रस्त्यावर अशिलाला पकडलं, त्या रस्त्यावर, नेमक्या त्याच वेळी, नेमक्या त्याच जागी वकीलसाहेब स्टूल मांडून बसतात आणि समोर बघतात. काळा कोट घातलेला. मागून हॉर्न वाजतात, रिक्षावाले आईवरून शिव्या देतात. हे आपले ध्यानस्थ.

वसई कोर्टाजवळ आमची ऑफिसं शेजारी शेजारी आहेत. मी गाड्यांचा विमा उतरवतो, ते गाडीवाल्यांना सोडवतात. वेग, सिग्नल, कानाला फोन, जादा माल, ज्या कशानं लायसन जायची पाळी येते ती सगळी माणसं त्यांच्या दारात. अशील आत शिरून रडगाणं सुरू करतो, की हे हात वर करतात. "पाप फादरला सांग. मला फक्त स्पीड सांग."

स्पीड मात्र खरा सांगावा लागतो. पाचानं कमी सांगितला तरी फाइल बंद. "मला फसवून तू जज्जाला काय फसवणार, बाबा?" असं म्हणून ते त्याला चहा पाजतात आणि वाटेला लावतात.

या माणसाच्या डोक्याची मला भीती वाटते. नायगावपासून विरारपर्यंतचा प्रत्येक स्पीडब्रेकर त्यांना तोंडपाठ आहे. कामण रोडवरचा कुठला खड्डा कुठल्या पावसाळ्यात जन्माला आला आणि कुणाच्या निवडणुकीत बुजला, हे ते घरच्या पोरांच्या वाढदिवसासारखं सांगतात. मी वीस वर्षं त्याच रस्त्यांवरून फिरतोय आणि मला अजून आमच्या जूचंद्रच्या वळणावरची पाटी आठवत नाही.

मागच्या वर्षी त्यांच्याकडे कामणचा मधू आला. गोदामांचा माल वाहणारा टेम्पोवाला. चाळीसच्या पट्ट्यात अठ्ठावन्ननं जाताना पोलिसांच्या यंत्रात सापडला होता, आणि आधीचीही चलनं होती. आता लायसन तीन महिने का निलंबित करू नये, अशी नोटीस हातात.

"साहेब, तीन महिने टेम्पो उभा ऱ्हायला तर गोदामवाला दुसरा लावंल," मधू म्हणाला. "मंग आपल्याला कोन इचारतंय? घरात पाच मानसं हायेत."

"स्पीड?"

"अठ्ठावन्न. खोटं नाय बोलनार. पन चालीसची पाटी मना दिसलीच नाय."

मी मनात म्हटलं, गेलं याचं लायसन. पाटी दिसली नाही हे तर प्रत्येकजणच म्हणतो.

दुसऱ्या दिवशी वकीलसाहेब मला आणि स्टुलांना माझ्याच गाडीत घालून कामण रोडला गेले. मी रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. मला पाटी स्वच्छ दिसत होती. तिच्या अलीकडे, जरा वर, कुठल्याशा दादांच्या वाढदिवसाचा भलामोठा बॅनर, त्यावर दादांसकट तेवीस शुभेच्छुक. वकीलसाहेबांनी उंच स्टूल मांडलं. त्यावर चढायला आधी बुटक्यावर पाय द्यावा लागतो. चढले, बसले आणि मान न हलवता समोर बघत राहिले.

"सावंत, जरा या."

मी वर चढून बसलो. पाटी गायब. तिच्या जागी दादांची दाढी.

सुनावणीला ते स्टूल घेऊनच गेले. आरटीओचा अधिकारी माणूस सरळ होता, पण त्रासला. म्हणाला, मी स्वतः जागेवर गेलो होतो, पाटी दिसते. वकीलसाहेब नम्रपणे म्हणाले, "साहेब, उभ्यानं टेम्पो कोणी चालवत नाही. एकदा बसून बघा." बॅनर अजून तसाच होता, कारण आपल्याकडे वाढदिवस संपतो, बॅनर संपत नाही. तिसऱ्या दिवशी भर दुपारी, ट्रकांच्या धुरळ्यात, तो अधिकारी खरोखर स्टुलावर चढला. मी ते या डोळ्यांनी पाहिलं आहे. उतरल्यावर त्यानं रुमालानं चष्मा पुसला आणि म्हणाला, "ताकीद देऊन सोडतो."

मधू पाया पडायला वाकला, तर वकीलसाहेबांनी त्याला मधेच धरलं. "पाया नको. रोज संध्याकाळी गाडी घरी लागली की मला मिस्ड कॉल द्यायचा." तेव्हा मला कळलं की ही अट सगळ्याच अशिलांना आहे. संध्याकाळी सहानंतर त्यांचा फोन टेबलावर किरकिरत असतो आणि हे वहीत नावापुढे टिंब देत बसतात. मी याला वकिली मिजास समजत होतो.

गेल्या महिन्यात एकदा मी ऑफिस बंद करत असताना ते दारात उभे राहिले. "मधूचा आला नाही. फोन बंद लागतोय. चला."

कामणला पोचलो तर टेम्पो अंगणात, मधू पाटावर, ताटात भात आणि बोंबील. फोन पाण्यात पडला होता, एवढंच. वकीलसाहेबांनी टेम्पोच्या बॉनेटवर हात ठेवला, ते गार असल्याची खात्री केली आणि परत फिरले. मधूची बायको पुन्हा पुन्हा "जेवून जावा" म्हणत राहिली. यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही.

गाडी चालवता चालवता मी चिडूनच म्हणालो, "अहो, दोन घास खाल्ले असते तर त्या बाईला किती बरं वाटलं असतं."

त्यांनी काच खाली केली.

"लायसनची माझी पहिली केस," ते म्हणाले. "आपल्या होळी गावचा पोरगा, भाजीचा टेम्पो. मला सरळ म्हणाला, वकील, मी प्यायलो होतो. मी त्याला गप्प बसवलं. खोकल्याचं औषध घेतलं होतं असं कागदावर लिहिलं, आणि सोडवला. त्याच्या आईनं मला जेवायला बोलावलं. मैद्याचे फुगे तळले, कोंबडी केली. मी दोनदा वाढून घेतलं."

मी गाडीचा वेग कमी केला.

"दीड महिन्यानं परत प्यायला, टेम्पो झाडावर घातला आणि जागीच गेला. तीन महिने लायसन गेलं असतं तर टेम्पो दारात उभा असता, सावंत. पोरगा काही खोटं बोलला नव्हता. खोटं मी लिहिलं."

इतकी वर्षं मी त्यांच्या डोक्याला मानत आलो होतो. त्या संध्याकाळी पहिल्यांदा त्यांचा हात धरावासा वाटला, आणि धरला. त्यांनी तो सोडवून घेतला नाही. थोड्या वेळानं म्हणाले, "गाडी चालवताना दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवावेत."