हाडंवाले साहेब

नमस्कार करण्याआधी माणसाचे दात बघायचे, ही हाडंवाले साहेबांची सवय. कुंभार पिंपळगावजवळच्या आमच्या गावाबाहेर जुन्या वस्तीचं एक टेकाड आहे. सत्तर सालानंतर कधीतरी ते खणायला बाहेरची माणसं आली. त्यांतले, सापडलेली हाडं तपासणारे हे साहेब आमच्या ओसरीवर उतरले.

पहिल्याच दिवशी सासूबाईंना म्हणाले, "आजी, आ करा."

"म्या काय बाजारातला बैल हाव का, दात बघाया?"

पण आ केला. साहेब खूश. जात्याच्या दगडाची कच पिठात उतरते, तिनं दात झिजतात म्हणे. टेकाडात सांगाडा निघालेल्या तीन हजार वर्षांपूर्वीच्या बाईचे दातही बराबर असेच होते. तेव्हापासून सासूबाई त्या सांगाड्याला "आमची थोरली जाऊ" म्हणू लागल्या. मी साहेबांसमोर कधी तोंडच उघडलं नाही, त्यामुळं माझे दात शास्त्राला ठाऊक नाहीत.

पुढं त्या बाईशेजारीच दोन मडकी निघाली, तोंडाला तोंड लावून पुरलेली. आत लहान लेकराची हाडं. साहेब ती डब्यात घालून एक्स-रे काढायला जालन्याला गेले. आमचे हेही सोबत होते. कंडक्टर म्हणाला, डबा टपावर टाका. साहेबांनी तो मांडीवरून हलू दिला नाही. दवाखान्यात कंपाउंडरनं विचारलं, "पेशंटचं वय?"

"तेच विचारायला आलोय," साहेब म्हणाले.

वय निघालं सव्वा वर्ष. पायाच्या हाडात एक आडवी रेघही दिसली. साहेबांनी आल्यावर सांगितलं, "मधे फार आजारी होतं, वाढ थांबली होती. कुणीतरी जगवलं, म्हणून पुन्हा वाढलं."

"कुनीतरी काय? मायनं," सासूबाई म्हणाल्या. "मंग आता त्या दोघांला तोडू नका."

पण वरच्या हुकमानुसार मोठ्यांची हाडं पुढच्या तपासणीला एका शहरात जायची होती, लेकरांची दुसऱ्या.

"ती त्याची आईच, हे हाडांवरून सिद्ध होत नाही, आजी."

सासूबाई तशाच उठून आत गेल्या.

साहेब निघायच्या सकाळी मी चहा घेऊन गेले, मागं सासूबाई. साहेबांचं लग्न झालेलं नव्हतं, सगळी बांधाबांध एकट्यानंच चालली होती. बाईची हाडं कापसात मांडलेली पेटी उघडी होती आणि लेकराचा डबा हातात घेऊन ते नुसते उभे होते.

"वर काय सांगायचं ते मी बघेन," ते सासूबाईंना म्हणाले. मग जरा लाजून विचारलं, "आजी, एवढं लेकरू आईच्या कुठल्या कुशीला निजतं?"

"डाव्या."

साहेबांनी पेटीतल्या बाईच्या डावीकडचा कापूस हातानं दाबून जागा केली.